विचारलंस, की धरून चाललास?

आमच्या कारखान्यात सर्व्हरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढतात. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. ती सवय पमाताई कोठारकरांनी लावली. त्या दाराशी चपला काढत, भिंतीला टेकवून नीट ठेवत आणि मगच आत जात. त्यांचं बघून पुढेपुढे कारखान्याचे मॅनेजर दळवी साहेबसुद्धा बूट काढायला लागले. मी मात्र पहिलं वर्षभर मुद्दाम बूट घालून आत जायचो. पमाताईंनी नोकरी सोडल्याला आता दोन वर्षं होत आली. मी रोज न चुकता चपला काढतो, पण काढण्याआधी कुणी बघत नाही ना, हे पाहून घेतो.

सांगूनच टाकतो, मला पमाताईंचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखण्याइतका. मी पुण्याहून पदवी घेऊन आलेला, रत्नागिरीत आमची आंब्याची बाग, वडील चार लोकांत मान असलेले. पमाताई राजापूर तालुक्यातल्या नाटे गावच्या. वडील मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. पमाताईंचं स्वतःचं शिक्षण डिप्लोमापर्यंत, आणि पहिली नोकरी बर्फाच्या कारखान्यात यंत्रांवर देखरेख करण्याची. संगणक त्या बघून बघून शिकल्या होत्या. सगळा कारखाना त्यांना पमाताई म्हणायचा आणि मी एकटा ‘कोठारकर मॅडम’. ताई म्हटलं की आपण एक पायरी खाली उतरलो असं मला वाटायचं.

दिसायला त्यांच्यात विशेष काही नव्हतं. बुटक्या, चाळिशीच्या, केसांचा घट्ट अंबाडा. सर्व्हरची खोली गार असते म्हणून भावाचा जुना राखाडी स्वेटर घालून बसायच्या, त्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. डब्यात बहुतेक दिवस सुकट. डबा उघडला की माझ्यासारख्यांनी खुर्ची लांब सरकवायची आणि बाकीच्यांनी जवळ. सरकत्या चाकांच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत, त्यांना लाकडी लागायची. आणि जवळ एक लांबट वही, शाळेत हजेरीची असते तशी. तीत चार रकाने आखलेले: काम, कुणी करायचं, काय विचारलं, उत्तर काय आलं. उत्तर आलं नसेल तर त्या रकान्यात ‘उत्तर बाकी’ असं लिहायच्या. तसली वही मीपण आणली होती. चार पानांपुढे ती गेली नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. काही झालं असं कुणी सांगितलं की त्या मान वर करून विचारायच्या, “विचारलंस, की धरून चाललास?” सर्व्हरची वीज जनरेटरवर टाकली म्हणून सांगणाऱ्या गणू वायरमनला हेच, आणि परदेशच्या गिऱ्हाइकाला माल चालेल म्हणणाऱ्या साहेबांनाही हेच, फक्त साहेबांना ‘चाललात’. ह्या एका प्रश्नावर कारखान्यातल्या निम्म्या लोकांना माघारी जाऊन खात्री करावी लागायची. मलाही जावं लागायचं, आणि जाताना मी दात-ओठ खायचो.

आमचा कारखाना मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. हर्ण्यापासून नाट्यापर्यंतची मासळी येते, ती साफ करून, गोठवून, बॉक्समध्ये भरून परदेशी जाते. प्रत्येक बॉक्सला नंबर असतो, आणि तो कुठल्या होडीचा, कुठल्या दिवसाचा हे गिऱ्हाइकाला कळावं लागतं. शीतगृहाची नोंद एका संगणकावर आणि रवानगीची दुसऱ्या. बॉक्स शीतगृहातून निघून कंटेनरमध्ये चढला की दोन्हीकडची नोंद एकदम बदलायला हवी. एकीकडे बदलली आणि दुसरीकडे राहिली, तर एकच बॉक्स दोन ठिकाणी दिसतो, नाहीतर कुठेच दिसत नाही. आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन बॉक्स असे नाहीसे व्हायचे आणि माणसं गारठ्यात शोधत फिरायची.

म्हणून साहेबांनी नवी व्यवस्था करायला घेतली. शीतगृहासाठी दोन सर्व्हरची जोडी, एक बंद पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं. आणि त्या जोडीवर एक समन्वय सेवा, जी शीतगृहाला आणि रवानगीला दोघांनाही आधी विचारेल, दोघांचं ‘हो’ घेईल, आणि मगच नोंद पक्की करेल. काम पमाताईंकडे दिलं आणि हाताखाली मी. हे काम जमलं की विभागप्रमुखाची खुर्ची त्यांचीच, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. ती खुर्ची मला हवी होती. मी घरी तसं सांगूनही ठेवलं होतं.

पॅकिंग आणि रवानगीच्या लोकांना हे समजावून सांगायचं ठरलं, तेव्हा मी दोन रात्री जागून पडद्यावर दाखवायची चित्रं केली. चौकोन, बाण, रंगीत अक्षरं. माझं बोलून झालं तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, एक जण जांभई देत होता. मग पमाताई उठल्या. बॉक्स बांधायची दोरी घेतली, कँटीनच्या टेबलाच्या पुढच्या दोन पायांना दोन दोर बांधले आणि प्रत्येक दोराला दोन माणसं लावली. टेबलावर चहाचे भरलेले पेले. डावीकडच्यांना म्हणाल्या, ओढा. टेबल फिरलं, चहा साहेबांच्या कागदांवर सांडला.

“आमच्या गावात रापण ओढतात तेव्हा असंच होतं,” त्या म्हणाल्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, त्याची दोन टोकं दोन घोळक्यांच्या हातात असतात. “एकच टोक ओढलं की मासे दुसरीकडनं पळाले. म्हणून आमचे आप्पा मध्ये उभे राहायचे. दोन्ही टोकांना विचारायचे, तयार? दोघांनी हो म्हटलं की हात खाली, मग ओढायचं.” त्यांनी दोन्ही बाजूंना विचारलं, दोघांनी हो म्हटलं, आणि टेबल सरळ पुढे आलं. चहा हलला, पण सांडला नाही.

“आणि एकानं नाही म्हटलं तर?” साहेबांनी विचारलं.

“तर दुसऱ्यानं दोर खाली ठेवायचा. रुसायचं नाय.”

मला वाटलं आता पेचात धरू. मी विचारलं की हो म्हटलं आणि पुढचा निरोप ऐकूच आला नाही, तर काय करायचं. पुस्तकातली ही सगळ्यात अवघड शंका होती, आणि मला त्यांना अडखळताना बघायचं होतं.

“तर दोर धरून उभं राहायचं,” पमाताई म्हणाल्या. “सोडायचा नाय आणि ओढायचाही नाय. एकदा हो म्हटलं ना? मग निरोप येईपर्यंत हात अडकलाच.”

टाळ्या वाजल्या. जांभई देणाऱ्यानंही वाजवल्या. मी चित्रं बंद करून वायर गुंडाळत बसलो.

घरीसुद्धा सुटका नव्हती. मे महिन्यात आमच्याकडे आंबे न्यायला त्या एकदा आल्या. आमचे बाबा बागेतल्या कलमांशी बोलतात तेवढंही माणसांशी बोलत नाहीत. पमाताईंनी त्यांना विचारलं, ह्या झाडाला यंदा मोहर उशिरा का आला. बाबा तासभर बोलत होते. जन्मात मला हा प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं. त्या गेल्यावर आई म्हणाली, किती साधी बाई आहे, आणि तुमच्या हापिसात सगळं तीच बघते का? मी म्हटलं, सगळं नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि आंब्यांच्या पेटीत गवत सारखं करायला लागली.

मग नवी व्यवस्था सुरू करायचा दिवस आला. पमाताईंची पद्धत अशी की सुरू करण्याआधी सगळ्यांनी सर्व्हरच्या खोलीबाहेर गोल उभं राहायचं. त्या एकेकाला विचारणार, त्यानं तोंडानं ‘तयार’ म्हणायचं आणि वहीत सही करायची. मागे एकदा गणू वायरमन नेमका शेवटी म्हणाला होता की नाही, जनरेटरची बॅटरी उतरलीय. साहेब घड्याळ बघत उभे होते. पमाताईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, चला, उद्या. मला वाटलं आता बसणार ओरडा. साहेब म्हणाले, बरं झालं गणू बोलला, आणि गणूच्या पाठीवर थाप पडली. तेव्हा मला गणूचाही हेवा वाटला होता.

जोडीतला पहिला सर्व्हर पमाताईंनी लावला, दुसरा माझ्याकडे होता. त्यांच्या वहीत पायऱ्या लिहिलेल्या होत्या: सगळं कोऱ्यापासून बसवायचं, एकेक परवानगी हातानं तपासायची. त्याला दोन दिवस लागतात. मला त्यांच्या आधी संपवायचं होतं. रवानगीचा सर्व्हर तयार होता, मी त्याची जशीच्या तशी नक्कल काढली, नाव बदललं, पत्ता बदलला, आणि दुपारच्या चहाच्या आत मोकळा झालो. त्या अजून पहिल्यावर वाकून एकेक ओळ तपासत होत्या. मी त्यांच्या शेजारी उभा राहून सावकाश चहा प्यायलो.

गोलात माझी पाळी आली.

“दुसरा सर्व्हर?”

“तयार.”

“रवानगीशी जोडून, काम ह्याच्यावर टाकून पाह्यलंस?”

“पाहिलं.”

“विचारलंस, की धरून चाललास?”

“पाहिलं म्हटलं ना मॅडम,” मी म्हणालो, आणि सही केली. मी पाहिलं नव्हतं. आता परत जाऊन बघतो असं सगळ्यांदेखत त्या बाईंपुढे म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं, बाकी कारण काही नव्हतं.

दोन आठवडे काही बिघडलं नाही, कारण काम पहिल्या सर्व्हरवर चाललं होतं. नाहीसे होणारे बॉक्स थांबले. साहेब पमाताईंचं नाव वरच्या कार्यालयात कळवणार असं कानावर आलं. मग एका मंगळवारी सकाळी पहिला सर्व्हर देखभालीसाठी थांबवायचा होता, तेव्हा पमाताईंनी काम दुसऱ्यावर टाकलं. धक्क्याला माकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, कंटेनर दार उघडून उभा होता. पहिला बॉक्स निघाला आणि नोंद नाकारली गेली. दुसरा, तिसरा, सगळे नाकारले. शीतगृह म्हणायचं मी तयार आहे, रवानगीकडून हो येईना. काही बॉक्स तर अधल्यामधल्या स्थितीत अडकले, ना इथले ना तिथले. पमाताईंनी काम परत पहिल्यावर आणलं, पण अडकलेले बॉक्स हातानं शोधून सोडवायला हवे होते. जाड कोट चढवून त्या स्वतः शीतगृहात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कंटेनर संध्याकाळी निघाला, तोवर मुंबईची बोट चुकली होती.

दुपारी त्या माझ्या सर्व्हरपुढे लाकडी खुर्ची घेऊन बसल्या. मी मागे उभा. समन्वय सेवेची प्रत्येक यंत्रावर स्वतःची एक ओळख असते, लांबलचक आकड्यांची. त्यांनी रवानगीच्या सर्व्हरची ओळख कागदावर उतरवली, खाली माझ्या सर्व्हरची उतरवली, आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेल्या. दोन्ही ओळी एक होत्या. नक्कल काढताना ओळखीचीही नक्कल आली होती. ती दोन यंत्रं एकमेकांना वेगळी ओळखतच नव्हती, मग एकमेकांना विचारणार काय.

“निखिल, हा तू कोरा बसवलास, की कशाची नक्कल काढलीस?”

मी गप्प राहिलो. त्या थांबल्या. मला वाटतं मिनिटभर थांबल्या असतील. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मग त्यांनी ती सेवा त्या यंत्रावरून काढून टाकली, नव्यानं बसवली, नवी ओळख तयार झाली. अर्ध्या तासाचं काम होतं. ते झाल्यावर वही उघडून काहीतरी लिहिलं आणि त्या हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी विचारलं की चूक कुणाची. पमाताईंनी वहीवर तळहात ठेवला होता. माझी सही त्याच्या खाली होती. वही उघडायची होती आणि संपलं होतं. त्यांनी उघडली नाही. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं नाही, म्हणजे मला बोलायला जागा ठेवली. मी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत मूग गिळून बसलो.

“काम माझ्याकडे होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “सुरू करण्याआधी दुसऱ्यावर मी स्वतः चालवून बघायला हवं होतं.”

महिन्याभरानं विभागप्रमुखाची खुर्ची मला मिळाली. घरी पेढे आले. आणि मी तुम्हाला खरं सांगतो, त्या खुर्चीवर बसून मी काचेतून त्यांच्याकडे बघायचो आणि मला हेवाच वाटायचा. ‘काम माझ्याकडे होतं’ हे वाक्य त्या ज्या आवाजात बोलल्या त्याचा. वरिष्ठ मी झालो होतो, पण कुणाला काही अडलं की पावलं लाकडी खुर्चीकडेच वळायची. त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

सहा महिन्यांनी त्यांना गोव्यात नोकरी लागली. हातखंब्याला बस मिळणार होती, कारखान्याची जीप होती, सोडायला मी गेलो. वाटेत त्या यंदाच्या बांगड्याविषयी बोलल्या, माझ्या आईच्या गुडघ्याविषयी विचारलं. चौकात वडापावच्या गाडीपाशी उभ्या राहून आम्ही बसची वाट पाहिली. मला बोलायचं होतं. मी वडापाववाल्याला सुट्टे पैसे मोजून दिले. बस दिसली तशी त्यांनी पिशवीतून ती वही काढली आणि माझ्या हातात दिली.

“ही तुझ्याकडे राहू दे. कामाला येईल.”

बस गेल्यावर मी ते पान उघडलं. ‘दुसरा सर्व्हर. निखिल. तयार.’ पुढे माझी झोकात केलेली सही. त्याच्या खाली त्या मंगळवारची तारीख आणि त्यांचं बारीक अक्षर: ‘कोरा बसवला, की नक्कल? निखिलला विचारलं.’ शेवटच्या रकान्यात ‘उत्तर बाकी’. बाकी सबंध वहीत ‘उत्तर बाकी’ लिहिलेली जागा नंतर उत्तर आल्यावर खोडलेली होती. ही एकच तशीच होती.

साहेबांना सांगायला मला वर्ष लागलं. ते चहा पीत होते, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “मग आता मी काय करू? तिला गोव्याहून बोलवू, की तुला उठवू?” आणि पुन्हा चहा प्यायला लागले. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ज्यांनी विचारलं होतं, त्यांना उत्तर गेलंच नव्हतं.

गेल्या कार्तिकात कळलं की पमाताई चार दिवस गावी आल्या आहेत. रविवारी सकाळी वही घेऊन मी नाट्याला गेलो. घरी कुणी नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, सगळी किनाऱ्यावर, आज रापण लावलीय. हल्ली रापण वर्षातून दोनचारदा, हौसेपुरतीच लावतात. जाळं पाण्यात अर्धगोल पडलेलं, वाळूवर बायका-पुरुषांचे दोन घोळके, आणि त्यांच्यामध्ये, लांब, पमाताई एकट्या. त्यांचे आप्पा आता थकलेत, मागे खुर्चीवर बसले होते. मधे उभं राहायचं काम लेकीकडे आलं होतं.

मी जवळच्या घोळक्यापाशी पोचलो तर एका म्हाताऱ्यानं विचारलंही नाही, कुठला, कोण. “ये रे, धर,” म्हणाला आणि ओला दोर माझ्या हातात दिला. मी वही शर्टात खोचली. पाय वाळूत रुतत होते, बूट पाण्यानं भरले होते, दोर तळहातातून निसटत होता. माझ्या पुढे-मागे सगळे वाकून सज्ज. पमाताईंनी हात वर केला. त्यांनी पलीकडे बघून विचारलं, “तयार?” तिकडून आरोळी आली, हो. मग त्या आमच्या बाजूला वळल्या. मला ओळखलं, एवढ्या लांबून. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, हात तसाच वर.

“तयार?”

माझ्या आजूबाजूचे सगळे हो म्हणणार होते. त्यांच्या आधी मी ओरडलो.

“नाय. पमाताई, मी तयार नाय. तेव्हाही नव्हतो.”

कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. पलीकडच्या घोळक्यानं दोर वाळूवर ठेवला. आमच्याकडच्यांनीही ठेवला. म्हाताऱ्यानं वाकून माझे बूट काढायला सांगितलं. पमाताईंनी वर केलेला हात हळूहळू खाली, मांडीपाशी आणला आणि त्या होत्या तिथेच ओल्या वाळूवर बसल्या. पदर कमरेला खोचलेला, तोंड माझ्याकडे. सगळा किनारा माझ्यासाठी थांबला होता. मी बुटाची ओली नाडी सोडवत होतो, ती सुटत नव्हती, आणि ती बाई कितीही वेळ अशी थांबू शकते, ह्याचा मला तेव्हाही हेवा वाटला.